माझ्या हातची कॉइल

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लाकडात नसतो. हे मी गेली तेहतीस वर्षं सांगतोय आणि दर वेळी समोरचा गिटारवाला असं तोंड करतो, जणू मी त्याच्या घरच्यांबद्दल काही वाईट बोललो. लाकूड दिसायला. आवाज असतो तो तारांखालच्या बोटभर लांबीच्या डबीत. तिला पिकअप म्हणतात. आत सहा चुंबक आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. वर गिटारची तार हलली की ही कॉइल ते हलणं पकडते आणि अ‍ॅम्पकडे पाठवते. वेढे किती, किती ताणून दिलेत, एकावर एक कसे पडलेत, यावर तुमची गिटार गाणार की कोकलणार हे ठरतं. ते वेढे मी देतो. हाताने.

हे मी फुशारकीने सांगतोय असं वाटत असेल, तर बरोबर वाटतंय.

मी मूळचा पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटरींचं वाइंडिंग करणारा. एकदा एक गिटारवाला जळालेला पिकअप घेऊन आला. दुसरीकडे कुणी त्याला हात लावायला तयार नव्हतं. मी तो उघडला, जुने वेढे सोडवत मोजले, नवे देऊन परत केला. चार दिवसांनी तो पुन्हा आला आणि माझे दोन्ही हात धरून बसला. मला वाटलं, बिघडलं वाटतं काहीतरी. तर म्हणाला, असा आवाज त्याला नवी गिटार घेतली तेव्हाही मिळाला नव्हता. त्यानंतर मी पंख्याला हात लावला नाही.

पिकअपच्या मुख्य जाती दोन. सिंगल कॉइलमध्ये एकच कॉइल. ती जे असेल ते तोंडावर बोलते, आणि सोबत ट्यूबलाइटची, पंख्याची, शेजारच्या मिक्सरची घरघरही ऐकवते. हंबकरमध्ये दोन कॉइली उलटसुलट जोडलेल्या, म्हणजे एकीतली घरघर दुसरी मारते. घरघर गेली, छान झालं. पण तिच्याबरोबर आवाजाची धारही गेली ना! उरतो तो गुबगुबीत, गोड, पहिल्या भेटीत सगळ्यांना खूश करून जाणाऱ्या जावयासारखा आवाज. मला असल्या जावयांचा संशय येतो. मी आयुष्यात हंबकर बनवला नाही. मागायला आलेल्यांना मी पाणी विचारतो आणि दुकानाचा पत्ता सांगतो.

माझी कामाची खोली घराच्या मागच्या अंगाला. दाराला वरच्या अर्ध्या भागात काच. आत एक लांब टेबल, त्यावर शिवणयंत्राच्या मोटरीपासून मी स्वतः जमवलेलं वाइंडिंगचं यंत्र, पायाशी पॅडल, बाजूला वेढे मोजणारा आकड्यांचा काउंटर. कोपऱ्यात अ‍ॅम्प आणि एक बोडकी गिटार, जिच्यात कुठलाही पिकअप दोन मिनिटांत बसवून वाजवून बघता येतो. पॅडल दाबलं की बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचं रीळ, फिरते, आणि तार माझ्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट यांच्यामधून सरकत तिच्यावर जाते. यंत्र नुसतं फिरवतं. तार कुठे पडायची, किती ताणाने पडायची, हे बोटं ठरवतात. म्हणून प्रत्येकाची कॉइल वेगळी, जसं प्रत्येकाचं अक्षर वेगळं.

माझं अक्षर एकोणीस वर्षांपूर्वी बदललं. लोखंडी शटर उजव्या अंगठ्यावर आलं, अंगठा जुळला पण वाकेना. तेव्हापासून माझे वेढे किंचित डावीकडे झुकून पडतात. बाहेरच्या कुणाला ते दिसणारही नाही. मला भिंगाखाली दिसतं.

आता आमच्या लेकीबद्दल. तिला मी सरकार म्हणतो, कारण लहानपणापासून ती मागणी करत नाही, हुकूम काढते. वय एकोणतीस. दहा वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांमागे उभी राहून गिटार वाजवली आणि आता तिचा स्वतःचा पहिला अल्बम होणार होता. आठ रचना, सगळ्या तिच्या. गुरुवारपासून स्टुडिओ ठरला होता. ती ज्या गिटारीवर शिकली तिच्यात माझी, अंगठा मोडायच्या आधीची कॉइल होती. मागे कधीतरी ती कॉइल आतून तुटली. तेव्हापासून तिचं एकच चाललं होतं की अल्बमसाठी तसाच आवाज हवा, आणि तो बाबांनीच द्यायचा. मला सांगायला काही लाज नाही, हे ऐकून मी आठवडाभर रस्त्याने छाती काढून चालत होतो.

तीन पिकअपचा संच लागणार होता. पहिला मी स्टुडिओच्या तारखेच्या दहा दिवस आधी तयार करून तिच्यापुढे ठेवला. तिने बोडक्या गिटारीत बसवला, अ‍ॅम्प लावला, चार सूर वाजवले आणि हात तारांवर ठेवून आवाज बंद केला.

"बाबा, टोचतोय."

मी म्हटलं, टोचत नाही, बोलतोय. तिने पुन्हा वाजवलं. तेवढ्यात तिची आई कानावर हात ठेवून दारात आली आणि म्हणाली की अहो, ते काय पत्रा कापल्यासारखं चाललंय. मी दोघींना सांगितलं की हंबकर ऐकून ऐकून जगाचे कान बसलेत, त्याला मी काय करू?

सरकारने मग माझा पत्र्याचा डबा काढला. प्रत्येक कॉइलची एक चिठ्ठी मी त्यात ठेवतो. वर्ष आणि वेढे. तिने वर्षावर्षातली एकेक चिठ्ठी काढून टेबलावर ओळीने मांडली. आधी बरीच वर्षं सात हजार नऊशे. मग सात हजार आठशे. साडेसात. सव्वासात. या वर्षी सात हजाराला चाळीस कमी. वेढे कमी झाले की आवाजाची धार वाढते, हे तिला मीच शिकवलेलं. मी तेरा वर्षं दरसाल थोडी थोडी धार वाढवत आलो होतो आणि मला वाटत होतं, माझी आवड परिपक्व होतेय.

"तुम्हाला वरचे आवाज ऐकू येत नाहीत," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तुम्ही ऐकू येईपर्यंत वर वर जाताय."

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहीत नाही. निम्मं तिच्या शिक्षणाबद्दल होतं आणि निम्मं हंबकरबद्दल. तिने सगळं ऐकून घेतलं आणि हुकूम काढला: पुढच्या मंगळवारी अकरा वाजता कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. यायचं. तपासणीत कान चांगले निघाले तर ती माफी मागेल आणि मी देईन ती कॉइल डोळे मिटून लावेल. नाही आलात, तर दुकानातला तयार हंबकर लावून रेकॉर्डिंग करणार.

माझ्या लेकीचा पहिला अल्बम आणि त्यात दुसऱ्याची कॉइल. तीही हंबकर.

त्या दुपारी घरात कुणी नसताना मी ऑसिलेटर काढला. हे यंत्र हवा तो एकच सूर काढून देतं. बटण फिरवत गेलं की सूर चढत जातो. सेकंदाला हजार कंपनं, दोन हजार, तीन हजार. साडेतीन हजारांपुढे सूर पातळ झाला आणि चार हजारांना गेला. सूर निघतोय हे दाखवणारा यंत्रावरचा काटा मात्र हलत होता. मी स्पीकर बदलला. मग वायर बदलली. मग ऑसिलेटरमधली बॅटरी बदलली. आठ हजारांवर बटण ठेवून मी काट्याकडे बघत बसलो होतो, तेवढ्यात बायको बाहेरून आली आणि पिशव्या ठेवायच्याही आधी म्हणाली की बंद करा ती शिट्टी, डोकं उठलं.

मी बंद केली. ऑसिलेटर जागेवर ठेवला आणि तिच्या पिशव्या आत नेल्या. 

दुसऱ्या दिवशी मी कानाची मदत न घेता नुसत्या आकड्यावर एक कॉइल केली. पूर्वीसारखे मोजून सात हजार नऊशे वेढे. सरकारने वाजवली, जरा विचार केला आणि म्हणाली की टोचत नाहीये, पण जीवही नाहीये. बरोबरच होतं. ताठ अंगठ्यातून तार दबून जाते, ताण सारखा राहत नाही. इतकी वर्षं ती उणीव मी कानाने भरून काढत होतो. आता तोही गेला होता. मी तिला म्हटलं, तिसरी बघ. 

तिसरी कॉइल मी गुरुवारी सकाळी घेतली. एक वाजता जेवायला उठलो तेव्हा काउंटरवर तीन हजार दोनशे होते. हे मी हातावर पेनाने लिहून घेतलं, ती माझी सवय. जेवून वीस मिनिटांत परत आलो. काउंटरवर चार हजार एकशे दहा.

हात बघितला. तीन हजार दोनशे.

मी घाबरलो वगैरे नाही. आधी बायकोला विचारलं. ती माझ्याबरोबरच जेवत होती. सरकार तालमीला गेली होती. मग मीटर लावून तारेचा रोध मोजला, तो वेढ्यांबरोबर वाढतो, कारण काउंटर खोटं बोलेल, तांबं बोलणार नाही. रोध चार हजार एकशे वेढ्यांचाच आला. मी स्वतःला सांगितलं की लिहिताना चूक झाली. खुर्चीवर बसलो, तर बसायची जागा कोमट होती. मी तर वीस मिनिटं स्वयंपाकघरात होतो. तरी मी तेही सोडून दिलं, कारण अर्धी कॉइल टाकून देणं माझ्या जिवावर येतं.

शुक्रवारी मी मुद्दाम पाच हजारांवर थांबलो. यंत्राचा प्लग भिंतीतून काढला. दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली आणि बाजारात जाऊन दाढीची पाती घेऊन आलो. परत येईपर्यंत पाऊण तास गेला. कुलूप जसंच्या तसं. प्लग मी लोंबकळत ठेवला होता तसाच. काउंटरवर सात हजार नऊशे, एकही कमी-जास्त नाही. तार कापलेली, टोक कापसाच्या दोऱ्याने बांधलेलं. मी चिकटपट्टी लावतो. पूर्वी दोरा बांधायचो.

खोलीत सिगारेटचा वास होता.

मी भिंग घेतलं. वेढे डावीकडे झुकलेले नव्हते. सरळ होते, मधे भरगच्च आणि दोन्ही कडांना थोडं आधीच मागे फिरलेले. कडेपर्यंत न जाता अलगद वळायची ही खोड कुणी शिकवलेली नव्हती, ती आपोआप लागलेली होती, आणि अंगठा मोडला त्या दिवशी गेली. लेकीच्या जुन्या गिटारीतली तुटकी कॉइल मी जपून ठेवली होती. ती शेजारी ठेवली आणि दोन्हींकडे आलटून पालटून बघितलं. तेच अक्षर. माझं. पंचवीस वर्षांपूर्वीचं.

तुम्ही म्हणाल, माणसाने अशा वेळी खोलीला कुलूप लावून किल्ली फेकून द्यावी. पण तुम्ही ती कॉइल बघितली नाहीत. इतकं देखणं काम होतं की मला आधी आनंद झाला, आणि अंगावर काटा आला तो नंतर.

सरकारने ती संध्याकाळी वाजवली. एकच सूर काढला आणि तो विरेपर्यंत हलली नाही. मला त्यातला खालचा भाग ऐकू येत होता; वरचं काय होतं ते मी तिच्या चेहऱ्यावर बघितलं. दुसरा सूर काढताना तिचे डोळे भरले.

"हाच," ती म्हणाली. "मला वाटलं, हा आवाज गेला कायमचा. कसं केलंत?"

"हात आहे," मी म्हटलं.

खोटं काय होतं त्यात? हात होताच, आणि माझाच होता. ती माझ्या गळ्यात पडली तेव्हा मला इतका अभिमान वाटला की दाराच्या काचेपलीकडे कुणी उभं आहे का, हे मी बघितलंच नाही.

उरलेल्या दोन कॉइलींसाठी मी काहीच केलं नाही. शनिवारी आणि रविवारी नुसती बॉबिन चढवायची, तार ओवायची, दार लोटून बाहेर पडायचं. एकदा थांबून काचेतून बघितलं. खुर्ची रिकामी होती, यंत्र बंद. पण तार ताणलेली होती, हवेत, टेबलाच्या वर दोन वीत, जिथे माझी बोटं असतात बरोबर तिथे ती किंचित वाकली होती. मी बघत होतो तोवर काही हललं नाही. मी मान वळवली आणि पॅडलचा खट्ट आवाज आला. तो मला स्पष्ट ऐकू आला, कारण तो खालच्या पट्टीतला होता.

रविवारी दुपारी बायको माझ्यावर चिडली. वीस वर्षांपूर्वी सोडलेली सिगारेट पुन्हा सुरू केली म्हणून. मग चिडता चिडता हसली आणि म्हणाली की पण आज किती वर्षांनी गुणगुणत होतात काम करताना, बरं वाटलं ऐकून. मी तेव्हा वरच्या मजल्यावर पाण्याची टाकी बघत होतो.

मी तिला म्हटलं, मी नव्हतो तो.

ती म्हणाली, पुरे झाली चेष्टा.

सोमवारी सरकार तिन्ही पिकअप आपल्या गिटारीत बसवत होती. सहज बोलावं तशी म्हणाली की बाबा, सकाळी तुम्ही मधल्या पिकअपच्या उंचीचं सांगितलंत ते पटलं, एवढं नीट कधी समजावलं नव्हतंत. सकाळी मी अंघोळीला गेलो होतो आणि नंतर पेपर वाचत होतो. तिच्याशी माझं बोलणंच झालं नव्हतं. मी विचारलं, कुठे सांगितलं मी? तर ती म्हणाली, कुठे म्हणजे, आतच की, खुर्चीवर बसून. आणि स्क्रू फिरवत राहिली.

आता तिच्यापुढे खरं बोलायचं, तर काय बोलायचं? की या कॉइली माझ्या आहेत, पण मी केलेल्या नाहीत? तिने पिकअप काढून ठेवले असते. हंबकरची डबी तिच्या बॅगेत होती, मी बघितली होती. मी गप्प बसलो. तिच्यासाठी बसलो असं म्हणायला मला आवडेल, पण निम्मं तरी माझ्यासाठीच होतं.

मंगळवार उजाडला. तपासणीला गेलो तर कागदावर लिहून मिळणार की हा माणूस बहिरा होत चाललाय. मग तिन्ही कॉइली कुणी केल्या, हा प्रश्न आलाच. साडेनऊला मी "येतो जाऊन" म्हणून मागच्या दाराने निघालो आणि मोबाइल घरीच ठेवला. चालत चालत बागेपर्यंत गेलो. तिथल्या बाकावर दीड वाजेपर्यंत बसून होतो. पायाशी एक चिमणी होती. माझ्याकडे तोंड करून चोच उघडत होती, मिटत होती. तिचा आवाज येत नव्हता.

मी ठरवलं. घरी जायचं, सगळं सांगायचं आणि पुढचं पुढे.

दार सरकारनेच उघडलं. तिने मला घट्ट मिठी मारली. मला वाटलं, शोधून शोधून थकली असणार.

"सॉरी बाबा," ती म्हणाली. "उगाच छळलं मी तुम्हाला."

तिने हातात कागद दिला. कानाच्या तपासणीचा आलेख. तारीख आजची. वेळ अकरा दहा. दोन रेघा, उजव्या कानाची आणि डाव्या कानाची, दोन्ही वरच्या कडेने सरळ, शेवटपर्यंत. डॉक्टर म्हणाले तिशीतल्या माणसाचे कान आहेत, असं ती सांगत होती. त्यांनी म्हणे यंत्र दोनदा तपासून बघितलं.

"तू होतीस तिथे?" मी विचारलं.

"म्हणजे काय! मीच तर घेऊन गेले तुम्हाला." ती हसली. "येताना गाडीत तुम्ही तिसऱ्या रचनेचा शेवट बदलायला सांगितलात, तो मी आल्या आल्या बदललासुद्धा."

मी बायकोकडे बघितलं. ती टेबल पुसत होती. तिने एवढंच म्हटलं की निदान गाडीत तरी ओढू नका, पोरीला त्रास होतो.

कागदाच्या खाली पेशंटची सही होती. माझी. शेवटच्या अक्षराला तो मोठा गोल, जो अंगठा मोडल्यापासून मला काढता येत नाही.

मला बोलायचं होतं. वाक्यं बागेतून जुळवून आणली होती. पण सरकारने गिटार उचलली, अ‍ॅम्प लावला आणि सोफ्याच्या हातावर बसून तिसरी रचना सुरू केली. तिच्या अल्बमवर मागच्या बाजूला एक ओळ असणार आहे, ती तिने मला आधीच दाखवली होती: पिकअप, बाबांच्या हातचे. ती वाजवत होती आणि तिची आई फडकं हातात धरून तशीच उभी राहिली होती, गुंगून. या घरात माझ्या कामासाठी कुणी असं उभं राहिल्याला खूप वर्षं झाली होती. खरं सांगतो, छाती भरून आली. मी आलेखाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

मला फक्त खालच्या तारा ऐकू येत होत्या. मग त्याही जरा लांब गेल्यासारख्या झाल्या.

तिने वाजवणं थांबवलं. माझ्याकडे, सरळ माझ्या डोळ्यांत बघून काहीतरी विचारलं. तिचे ओठ हलले, मला शब्द कळले नाहीत.

मी "काय?" म्हणायला तोंड उघडत होतो. त्याआधीच तिने मान डोलावली, गिटारवरचं टोनचं बटण कणभर मागे फिरवलं, एक सूर काढून ऐकला आणि माझ्याकडे बघून समाधानाने हसली. या वेळी ओठांवरून कळलं मला.

"तुमचंच बरोबर, बाबा."